सायकलचा मागचा दिवा



इतिहासावर बोलण्याचा अधिकार तुम्हाला कितपत आहे, हा प्रश्न संयोजकांनी मला विचारला नाही, हे माझे भाग्य. शाळा मी दहावीला सोडली. पुढे जे काही वाचले ते कामगार संघटनेच्या कचेरीत, खटल्यांच्या निमित्ताने. आणि खटला माणसाला इतिहासात मागे मागे ओढीत नेतो, असा माझा अनुभव आहे. आजचा विषयही एका खटल्यातूनच निघाला.

२००८ सालची गोष्ट. आमच्या संघटनेचा एक सभासद दुसऱ्या पाळीवरून सुटून रात्री साडेअकराच्या सुमारास सायकलने घरी निघाला होता. फिटर होता, वयाने माझ्याएवढाच. कारखान्याच्या फाटकापासून दीड-दोन किलोमीटरवर मागून आलेल्या मालट्रकने त्याला उडविले. तो जागीच गेला. पुढच्या आठवड्यात पंचनाम्याची नक्कल माझ्या हाती आली. रस्त्याची रुंदी, सायकलीची मोडतोड, जेवणाचा डबा व चपला कोठे पडल्या होत्या, सारे त्यात होते. आणि सायकलीस पाठीमागे दिवा अगर रिफ्लेक्टर दिसून येत नाही, असे एक वाक्य होते. ट्रक किती वेगात होता, त्याचे पुढचे दिवे कसे होते, यासंबंधी मात्र एक अक्षर नव्हते. भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील त्या एका वाक्यावरच उभा राहिला, आणि मयताच्या निष्काळजीपणाचा वाटा म्हणून रकमेतला एक हिस्सा कापला गेला. निकालानंतर त्याच्या पत्नीने मला विचारले, "भाऊ, त्या दिव्याला किती पैसे पडले असते हो?" मला उत्तर देता आले नाही.

पंचनाम्यातले वाक्य खोटे नव्हते. सायकलीला मागे दिवा नव्हताच. पण पुढे चाललेल्या माणसाने दिसले पाहिजे, याची एवढी बारकाईने नोंद होते आणि मागून येणाऱ्याने पाहिले पाहिजे, याची होत नाही, ही रीत आली कोठून? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्याचा माग काढता काढता मी ज्या वाटेने गेलो, तीच वाट आज आपणांस दाखवितो.

सुरुवात अशा काळापासून करू, ज्या काळी रस्त्यावर मोटार नव्हती, तरी सायकल अतिशय धोक्याची होती. १८७० च्या सुमारास इंग्लंडात जी सायकल होती तिचे पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे अगदी लहान. बसणारा त्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर. पुढे एखादा दगड लागला की स्वार थेट डोक्यावर आपटे. कित्येकांची मनगटे मोडली, कित्येकांच्या माना. आता या धोक्यावर उपाय काय झाला, हे पाहण्यासारखे आहे. कोव्हेंट्री गावच्या जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्टला डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या नव्या सायकलीला लोक 'सेफ्टी' असेच म्हणत. आज आपण जी साधी काळी सायकल चालवितो ती त्या सेफ्टीचीच मुलगी. म्हणजे सायकलीच्या इतिहासातला सुरक्षिततेचा पहिला विजय यंत्र बदलून मिळाला. उंच सायकलीवर जपून बसा, असा उपदेश तेव्हाही पुष्कळांनी केला असेल. त्याने माना मोडायच्या थांबल्या नसत्या.

दुसरी गोष्ट रस्त्याची. रेल्वे आल्यावर इंग्लंडातले गावोगावचे रस्ते ओस पडले होते. उन्हाळ्यात धूळ, हिवाळ्यात चिखल. हे रस्ते सुधारा म्हणून चळवळ प्रथम उभी केली ती सायकलवाल्यांनी. त्यांच्या संघांनी १८८६ साली रस्ते सुधारणा मंडळ स्थापले. अमेरिकेतही चांगल्या रस्त्यांची चळवळ सायकलस्वारांच्या संघानेच सुरू केली. कायद्यानेही त्यांची जागा पक्की केली होती : १८७९ च्या एका खटल्यात इंग्लिश न्यायालयाने सायकल ही कायद्याच्या दृष्टीने 'गाडी' आहे असे ठरविले आणि १८८८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. रस्ता वापरण्याचा हक्क मिळाला तो असा, रस्त्यासाठी खपून. मोटार या तयार रस्त्यावर मागाहून आली. हे सांगितले म्हणजे मोटारवाले मित्र चकित होतात. त्यांना वाटते, रस्ता मोटारीबरोबरच जन्मला.

मोटार आली तेव्हा राज्यकर्त्यांना तिचा धोका ठाऊक नव्हता असे नाही. १८६५ च्या इंग्लिश कायद्याने स्वयंचलित गाडीला गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन मैल एवढाच वेग दिला होता, आणि तिच्यापुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे असे सांगितले होते. त्या निशाणाची आज सारे थट्टा करतात. मलाही ते हास्यास्पद वाटे. पण जरा विचार केला तर त्यात एक न्याय दिसतो : धोका जो रस्त्यावर आणतो त्यानेच त्याचा इशारा द्यायचा, आणि त्यासाठीच्या माणसाची मजुरीही त्यानेच भरायची. १८९६ च्या कायद्याने वेग चौदा मैलांवर नेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक पायी चालणारी बाई मोटारीखाली सापडून मेली. १९०३ साली मर्यादा वीस मैल झाली. आणि १९३० च्या कायद्याने मोटारींवरची वेगमर्यादा साफ काढूनच टाकली!

परिणाम व्हायचा तोच झाला. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्या वेळी तेथे मोटारी आजच्या मानाने थोड्याच होत्या, हे ध्यानात घ्या. सायकली मात्र अफाट होत्या. कारण किंमत उतरल्यामुळे सायकल हे आता शौकिनांचे वाहन राहिले नव्हते. गिरणीत, गोदीत, खाणीवर जाणारा माणूस तिच्यावर बसला होता. १८९४ साली बर्मिंगहॅमला निघालेल्या 'क्लॅरियन' सायकल मंडळाचे तरुण तर रविवारी सायकलवरून समाजवादाची पत्रके वाटीत खेडोपाडी हिंडत. वाहन बदलले म्हणजे नुसती चाके बदलत नाहीत, वर बसणाराही बदलतो, आणि कायदा त्याच्याशी बोलताना आवाज बदलतो.

तो आवाज कसा बदलला ते या मागच्या दिव्याच्या भांडणात दिसते. १९२७ च्या कायद्याने सायकलीला मागे तांबडा दिवा किंवा परावर्तक सक्तीचा झाला. पुढे नुसता परावर्तक पुरे नाही, दिवाच हवा, अशी मोटारवाल्यांची मागणी सुरू झाली. १८७८ साली स्थापन झालेल्या सायकल प्रवास संघाने तिला वर्षानुवर्षे विरोध केला. वरकरणी हा हट्टीपणा वाटतो. दिवा लावला तर बिघडले काय? पण त्यांचे म्हणणे असे : आजवरचा नियम हा आहे की, रात्री वाहन हाकणाऱ्याने पुढे जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल इतक्याच वेगाने हाकावे. रस्त्यावर सायकलवाला असेल तसा पायी जाणारा असेल, बसलेली गाय असेल, पडलेले झाड असेल. झाडाला कोणी मागचा दिवा लावीत नाही. एकदा का पुढच्याने दिवा लावणे सक्तीचे झाले की, ज्याच्यापाशी दिवा नाही त्याला उडविणाऱ्याला सबब मिळते, आणि पाहण्याची जबाबदारी मागच्याकडून सरकून पुढच्याच्या पाठीवर जाते.

१९३९ साली युद्ध आले. विमानांच्या भयाने सारे ब्रिटन रात्री अंधारात बुडाले, मोटारींचे दिवेही झाकले गेले, आणि त्या काळोखात सायकलीला मागचा दिवा सक्तीचा झाला. युद्धाच्या काळात रस्त्यावरचे मृत्यू किती वाढले याचा आकडा अंगावर येतो : १९४१ साली ९,१६९. काळोख गेला, दिव्याची सक्ती १९४५ साली कायमची झाली.

या भांडणात माझे मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. दिवा लावावा. माझ्या सायकलीला आज मागे लुकलुकणारा दिवा आहे आणि सभासदांनाही मी तेच सांगतो. अंधारात दिसणे हे न दिसण्यापेक्षा केव्हाही बरे; तत्त्वासाठी कोणी मरू नये. पण त्या संघाने जे भाकीत केले होते ते अक्षरशः खरे ठरले, आणि २००८ साली एका पंचनाम्यात ते मी डोळ्यांनी वाचले.

दुसरे भांडण वेगळ्या वाटेचे. लेस्ली होर-बेलिशा हा मंत्री त्या वेळी वाहतूक खात्यावर होता. शहरातून ताशी तीस मैलांची मर्यादा मार्च १९३५ पासून परत आणली ती त्याच्याच कारकिर्दीत. डिसेंबर १९३४ मध्ये त्याने लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न अव्हेन्यूवर अडीच मैलांच्या सायकलमार्गाचे उद्घाटन केले. सायकल संघाने यालाही विरोध केला! वाट अरुंद, दर आडरस्त्याशी ती तुटते, आणि नेमका तेथेच धोका जास्त, आज ही वाट दिली, उद्या मोठ्या रस्त्यावरून हाकलून देतील. भीती निराधार नव्हती. तरी येथे संघ चुकला असे मला वाटते. वाट वाईट होती तर चांगली मागायला हवी होती. त्यांनी हक्क सांभाळला, आणि त्या हक्काच्या रस्त्यावरून सायकलवालेच नाहीसे झाले. १९४९ साली ब्रिटनमध्ये सायकलवरून जेवढा प्रवास होई त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकाच १९७३ च्या सुमारास उरला. साहजिकच सायकलस्वारांचे अपघाती मृत्यूही घटले. आकडेवारीचा हा एक सापळा आहे. आमच्या क्षेत्रात त्याचा फार अनुभव येतो. कारखाना बंद पडला की त्यातले अपघात शून्यावर येतात!

आता थोडे कारखान्याकडे वळतो. कारण रस्त्याचे कोडे मला तेथे उलगडले. इंग्लंडात १८४० च्या आधी गिरणीत पट्ट्यात हात सापडला तर मालक म्हणे, लक्ष कोठे होते? न्यायालयही बहुधा तेच म्हणे. १८३७ च्या एका निकालापासून तर, सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालकाकडे मागायचे नाही, असेच ठरले. १८४४ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना कठडा घालणे मालकाचे काम ठरविले. १८९७ साली चूक कोणाची हे न उगाळता भरपाई देणारा कायदा तेथे झाला. आपल्याकडे तो १९२३ साली आला. १९४८ च्या आपल्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमातही यंत्राला कठडा आधी होता. हातमोजे, चष्मे, सूचनांच्या पाट्या हे सारे असावेच, पण ते कठड्यानंतर. ही शहाणीव यायला हजारो बोटे खर्ची पडली. आणि हाच कामगार फाटकाबाहेर पडून सायकलवर बसला की त्याला आपण पुन्हा १८४० सालात ढकलतो : लक्ष कोठे होते? दिवा का नव्हता? कडेने का गेला नाहीस?

फाटकाबाहेरही कठडा घालता येतो, हे ज्या देशाने करून दाखविले तो हॉलंड. त्या देशाविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे की, डच लोक मुळातच सायकलवेडे, सपाट देश, त्यांचे काय! इतिहास असे सांगत नाही. उट्रेख्त गावी १८८५ साली वेगळी सायकलवाट झाली होती हे खरे, पण पुढे १९२४ पासून सरकारने सायकलीवर कर बसविला. पितळेची पट्टी सायकलीला लावावी लागे. बेकारांना पट्टी फुकट मिळे, पण तिला मधोमध भोक पाडलेले असे, म्हणजे रस्त्यावर सर्वांना कळावे की हा बेकार आहे. आणि या कराचा पैसा गेला कोठे, तर रस्ते निधीत. ज्यातून मोटारींसाठी रस्ते झाले. १९४१ साली हा कर उठला. आपल्याकडेही नगरपालिकांचा सायकलकर आणि त्याचा पितळी बिल्ला असे. घरातल्या जुन्या माणसांना विचारा. बिल्ला नाही म्हणून, दिवा नाही म्हणून, डबलसीट म्हणून चौकात पकडलेल्यांच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत.

युद्धानंतर डच लोकांच्या हाती पैसा आला आणि त्यांनी मोटारी घेतल्या. रस्ते रुंद झाले, चौक मोटारींनी भरले. डेव्हिड योकिनेन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९६७ साली अॅमस्टरडॅमसाठी एक योजना मांडली; तीत सिंगेलग्राख्त कालवा बुजवून तेथे सहापदरी रस्ता करायचा आणि जुन्या कामगारवस्त्या पाडायच्या होत्या. ती अमलात आली नाही, पण वारे कोणत्या दिशेचे होते ते कळते. १९७१ साली त्या देशात वाहनांखाली चारशेहून अधिक मुले मेली. १९७२ साली एकूण मृत्यू ३,२६४ झाले. लोकसंख्या तेव्हा दीड कोटीसुद्धा नव्हती.

या मुलांपैकी एक व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी होती. त्याने १९७२ साली 'द टाइड' या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ 'बालहत्या थांबवा'. मथळा मुद्दाम उद्धृत करतो, कारण सारी मेख त्या एका शब्दात आहे. तोपर्यंत सारे 'अपघात' म्हणत. अपघात म्हटले की कोणी कर्ता उरत नाही. त्याने 'हत्या' म्हटले. हेच नाव घेऊन आईबापांची संघटना उभी राहिली. मार्त्ये फान प्युटन ही तरुण बाई तिची पहिली अध्यक्ष. पुढे ती युरोपीय संसदेवर निवडून गेली. या लोकांनी काय केले? रस्त्यावर टेबले मांडली, मुलांना खेळायला सोडून रस्ता अडविला, सायकलवरून पंतप्रधान योप देन उइल यांच्या घरापुढे जाऊन गाणी म्हटली; ते मजूर पक्षाचे, बाहेर येऊन त्यांनी ऐकून घेतले. संसदेत आणि दारात, दोन्हीकडे एकाच वेळी घंटा वाजविली.

अॅमस्टरडॅमच्या दे पाइप या कामगारवस्तीतल्या मुलांवर १९७२ साली निघालेला एक माहितीपट आहे. एकाला एक चिकटून चार-पाच मजली जुनी घरे, खेळायला अंगण नाही, गल्लीच्या दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या. त्या वस्तीत मोटारी असणारे थोडे, पण गल्ली भरलेली मोटारींनी. मुले सह्या गोळा करतात, मोठ्यांपुढे गाऱ्हाणे मांडतात, शेवटी स्वतःच गल्लीच्या तोंडाशी आडोसा उभा करतात. आणि एक मोटारवाला चिडून उतरतो. संप फोडायला आलेल्या माणसाचा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. त्या मोटारवाल्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

पुढच्याच वर्षी अरबांनी तेल अडविले. सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. लोकांनी मोठाल्या हमरस्त्यांवरून सायकली चालविल्या आणि आपले गाव किती शांत असू शकते हे त्यांना अचानक ऐकू आले. चळवळीला याहून चांगला प्रचारक मिळाला नसता.

येथे संघटनांविषयी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हॉलंडात १८८३ साली सायकलस्वारांचा एक राष्ट्रीय संघ निघाला होता. काळाच्या ओघात तो मोटारवाल्यांचा बलाढ्य क्लब झाला. नावातला सायकलस्वार हा शब्द मात्र तसाच राहिला. १९७५ साली नव्या मंडळींनी संघ काढला तेव्हा त्यांनी खट्याळपणे त्याला 'पहिला, एकमेव, खराखुरा डच सायकलस्वार संघ' अशा अर्थाचे नाव दिले. जुना संघ चिडून न्यायालयात गेला आणि नव्याला नाव बदलावे लागले! संघटनेची पाटी एक आणि आत दुसरेच, हा प्रकार आम्हा युनियनवाल्यांना नवा नाही. हसलो तरी आत कोठे तरी टोचते.

मग सरकार हलले. १९७५ पासून हेग आणि टिलबर्ग या शहरांत प्रात्यक्षिक म्हणून एकेक चांगला, सलग सायकलमार्ग बांधला गेला. हेगमध्ये दुकानदारांनी आरडाओरड केली की गिऱ्हाईक तुटेल. मार्ग झाले, पण अपेक्षेइतक्या नव्या सायकली रस्त्यावर आल्या नाहीत. आपल्याकडे असे झाले असते तर लगेच निष्कर्ष निघाला असता की लोकांनाच नको आहे. तेथे निष्कर्ष वेगळा निघाला : एक रस्ता चांगला करून उपयोग नाही, घरापासून कामापर्यंत सबंध वाट सुरक्षित हवी. एक कडी मजबूत करून साखळी ओढता येत नाही. म्हणून डेल्फ्ट गावात १९८० च्या दशकात सबंध गावाचे जाळे विणले गेले. त्याच डेल्फ्टमध्ये आधी वस्तीतल्या गल्ल्यांत झाडे, बाके, वळणे घालून मोटारीला चालत्या माणसाच्या गतीवर आणले होते. १९७६ साली त्या पद्धतीला कायद्याचे रूप आले.

पुढे १९९० नंतर याचेच शास्त्र झाले. ते साधे आहे. वजन आणि वेग यांत फार अंतर असलेली वाहने एकत्र चालवायची नाहीत; त्यांच्यामध्ये कठडा, झाडे किंवा उंच पट्टा घालायचा. जेथे जागा नाही तेथे एकत्र चालवा, पण मग मोटारीचा वेग तीस किलोमीटरवर आणा. तीसच का? धक्क्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : तीसच्या वेगाला नऊ धरले तर पन्नासला पंचवीस, म्हणजे पावणेतीन पट. तीसने लागलेला माणूस बहुधा उठून बसतो. पन्नासने लागलेल्याचे सांगता येत नाही. आणि वेग उतरविण्यासाठी पाटीवर विसंबायचे नाही. रस्ताच असा अरुंद, उंचवट्याचा करायचा की जोरात जाताच येऊ नये. चाकाला कठडा घातला की कामगाराने हात घालू नये अशी पाटी लावावी लागत नाही, तसेच हे. त्यांच्या रस्तावाहतूक कायद्याचे १८५ वे कलमही याच वळणाचे आहे : मोटारीची धडक सायकलस्वाराला किंवा पादचाऱ्याला बसली तर भरपाईचा भार प्रथम मोटारवाल्यावर. चौदा वर्षांखालील मूल असेल तर जवळजवळ पूर्ण. मोठ्या माणसाची चूक असली तरी सामान्यतः निम्मा तरी.

तेथे सर्व आलबेल आहे असे मात्र समजू नका. २०२२ साली त्या देशात रस्त्यांवर ७४५ माणसे मेली. त्यांत २९१ सायकलस्वार, मोटारीत बसलेल्यांहून अधिक. पुष्कळसे वृद्ध होते, आणि विजेवर चालणाऱ्या सायकलींनी वेगाचा नवा प्रश्न आणला आहे. तरीही १९७२ चे ३,२६४ आठवा, आणि ध्यानात घ्या की ब्रिटनप्रमाणे त्यांनी सायकलवाले नाहीसे करून हा आकडा खाली आणलेला नाही.

आता आपल्या घरी या. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांतल्या सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल होती, आणि शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी दर शंभरांत तेरा माणसे सायकलने कामावर जात. ही कोट्यवधी माणसे आहेत. पण ती सभेला फारशी येत नाहीत, कारण पाळी असते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार पाच हजारांच्या आत दाखविले आहेत. हा आकडा पाहून मला समाधान वाटत नाही, ब्रिटनचा सापळा आठवतो. आमच्याच फाटकावर पूर्वी सायकलींचा तळ भरून बाहेर रांग लागे. आज तेथे मोटारसायकली आहेत, कारण मुलगा म्हणतो, बाबा, सायकलने जाऊ नका, मरायचे आहे का? पुण्यात २००६ नंतर जलद बसमार्गांबरोबर सायकलमार्गही झाले. त्यांवरून सलग किती अंतर जाता येते ते आपण स्वतः जाऊन पाहा. हातगाडी, विजेची पेटी आणि उभ्या मोटारी यांतून वाट काढताना वेस्टर्न अव्हेन्यूची आठवण येईल.

आणि आता पुन्हा खटला. केरळातल्या एका कारखान्याचा कामगार २६ जून १९७१ रोजी दुपारच्या पाळीला सायकलने निघाला होता. पाळी साडेचारची. सव्वाचारला, फाटकापासून सुमारे एक किलोमीटरवर, एका लॉरीने त्याला धडक दिली. गळ्याचे हाड मोडले. लॉरी कोणाची? त्याच्याच मालकाची! राज्य विमा योजनेखाली ही 'कामामुळे झालेली इजा' ठरते की नाही, एवढाच प्रश्न. खालच्या न्यायालयाने व उच्च न्यायालयाने होय म्हटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९२ साली दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला : नाही. कामावर जाण्यासाठी निघणे म्हणजे काम नव्हे. पंचवीस वर्षे झाली होती.

हा निकाल आमच्या फिटरच्या आड आला. मोटार दाव्यात दिव्यापायी रक्कम कापली गेली, आणि विमा योजनेतले आश्रितांचे निवृत्तिवेतन मागायला गेलो तर १९९६ चा निकाल पुढे ठेवला गेला. दोन्हीकडून त्याचा सायकलप्रवास त्याचा खाजगी उद्योग ठरला. जणू तो रात्री साडेअकराला हवा खायला निघाला होता.

कामगार संघटना अनेक वर्षे या निकालाविरुद्ध ओरडत होत्या. १ जून २०१० पासून विमा कायद्यात ५१-ई हे नवे कलम आले : घरून कामावर आणि कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखविता आला तर, कामातलाच मानावा. पण आमचा माणूस २००८ साली गेलेला. आम्ही फाईल बांधून ठेवली.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका खटल्यात निकाल दिला. खटला आपल्या महाराष्ट्रातला. साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने जाताना कारखान्यापासून पाचएक किलोमीटरवर मेला होता. न्यायालयाने म्हटले की, ५१-ई या कलमाने नवा हक्क दिलेला नाही, जुन्याच कायद्याचा अर्थ स्पष्ट केला आहे. म्हणून ते मागील काळालाही लागू धरावे, आणि १९२३ च्या भरपाई कायद्यातील शब्दांचाही तसाच अर्थ घ्यावा. त्या विधवेने बावीस वर्षे वाट पाहिली.

निकाल वाचला त्याच संध्याकाळी मी आमच्या फिटरच्या घरी गेलो. वहिनींनी कागद एका कापडी पिशवीत नीट ठेवले होते : हजेरीचा उतारा, पाळीचा पास, विम्याचे कार्ड, पंचनाम्याची नक्कल. मुदतीची अडचण मोठी आहे, हे मी त्यांना आधीच सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊ, लागेल तेवढे दिवस लागू द्या." अर्ज लिहून झाला आहे. दरम्यान कारखान्याशी बोलून आम्ही एवढे करून घेतले आहे की, पाळी सुटण्याच्या वेळी अर्धा तास एकही मालट्रक फाटकाबाहेर सोडला जात नाही. त्या रस्त्यावर नगरपालिकेचे अकरा खांब आहेत. परवा रात्री मी मोजले. चार दिवे लागत होते.